पुढचे दोन टायर

आमची गाडी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी होती. बाबा अंबरनाथला खिळे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथला एक साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याने ती बाबांना विकली. गोल पाठीची, विलायती, पिस्त्याच्या रंगाची. ऐंशीच्या दशकातसुद्धा आमच्या वसाहतीत स्कूटरी फारशा नव्हत्या, आणि ही गाडी रस्त्यावरून निघाली की लोक ओट्यावर येऊन बघायचे.

बाबा इंजिनाचं काम मेकॅनिककडे सोपवायचे, पण टायरांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दर आठवड्याला पायपंपाने स्वतः हवा भरायचे, काडीने खाचांतली खडी काढायचे, दर दोन-तीन महिन्यांनी चाकं आलटून पालटून लावायचे. म्हणायचे, "एवढी मोठी गाडी, पण जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेत. बाकी सगळं हवेतच असतं."

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. कारखान्यांना सुट्टी असली की एमआयडीसीचे रस्ते मोकळे असायचे, तिथे. गाडीचा स्पीडोमीटर कधीचाच मेला होता. काटा शून्यावरून हलायचा नाही आणि बाबांनी तो कधी दुरुस्तही केला नाही. "टायर सांगतात ना," ते म्हणायचे. तेव्हा सगळीकडे नायलॉनचेच टायर होते, जाड आणि कडक. पस्तीसच्या वेगाला ते गुणगुणायला लागायचे, पंचेचाळीसला सूर चढायचा, आणि पन्नासच्या वर गेलं की आवाज कानातून न येता सीटमधून पाठीत शिरायचा. बाबा शेजारी बसून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता चाळीस. आता बेचाळीस. उतर जरा." खरं-खोटं करायला साधन नव्हतं, पण मला ते खरंच वाटायचं. पुढे पुढे मलाही ते ओळखता यायला लागलं. आमच्या ओळखीत गाडी चालवणारी मी एकटीच मुलगी होते आणि त्याचा बाबांना माझ्याहून जास्त अभिमान होता.

मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मागचे दोन टायर झिजून पार गोटा झाले होते. त्या मापाचे नवे टायर मिळणं अवघड झालं होतं, म्हणून बाबांनी ते रिमोल्ड करून आणले. म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवून घेतलं. नक्षी ट्रकच्या टायरसारखी, मोठमोठ्या आडव्या ठोकळ्यांची. गाडी वसाहतीच्या फाटकाबाहेर पडली आणि मागून असा आवाज सुरू झाला की आईने पदराने कान झाकले. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटत होतं. स्टेशनपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी ओरडूनच बोलत होतो.

बाबा मात्र खुशीत होते. स्टेशनजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "बघ, रिमोल्ड असून किती शांत चालतात."

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

बाबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. रेडिओ मोठ्याने लागायचा, दारावरची बेल एकदा वाजवून भागायचं नाही. पण घरात सगळेच मोठ्याने बोलणारे, त्यात ते लपून गेलं होतं. पंचवीस वर्षं ते खिळ्यांच्या मशीनसमोर उभे होते. त्या खात्यातली माणसं आपसात खुणांनीच बोलायची. कानात घालायला कापूस मिळायचा, तो बाबा घालत नसत, कारण मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो आणि तो ऐकला पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

आम्ही त्यांना कल्याणच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले की उंच सूर जवळजवळ गेलेत, बाकीचेही जातील, कानाला मशीन लावा. बाबा घरी येऊन म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांचं आहे ते." तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "ह्यांना म्हणावं, गाडी तरी सोडा." मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, तुझं ऐकतात. असं करत वर्ष गेलं आणि दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

मग पुढचे टायरही गोटा झाले. स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. आता रिमोल्ड नको, असं मीच म्हटलं. रेडियल नावाचे नवे टायर बाजारात आलेत, ते मऊ असतात, आवाज करत नाहीत, रस्ता चांगला धरतात, असं मी शाळेत एका सहकाऱ्याकडून ऐकलं होतं. उल्हासनगरला पाच नंबरात एका सिंधी गृहस्थांचं टायरचं दुकान होतं. वयस्कर माणूस, येणाऱ्या प्रत्येक बाईला 'अदी' म्हणायचा, म्हणजे ताई. त्याने माप बघितलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "रिमला बसेल असे दोनच आहेत, अदी. दुसरे दोन पंधरा दिवसांत येतील. चार एकदम घे."

"दोन आता देऊन ठेवा," मी म्हटलं. "पुढचे फारच खराब झालेत."

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आगे मत डालना. दो ही डालना है तो पीछे डाल. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असलं ना, तर पुढचे पकडेंगे आणि पीछे का छूट जाएगा. पानी में गाडी घूम जाती है. घर में बोल देना."

मी हो म्हटलं. ते दोन टायर मी रिक्षात घालून घरी आणले.

ते बसवायला आम्ही रविवारी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. रस्त्यावर वर्दळ, बाजूला एक टेम्पो नुसताच घरघरत उभा. बाबा पंक्चरवाल्याला म्हणाले, "दोन्ही पुढे घाल. मागचे अजून नवेच आहेत." त्याने जॅक पुढच्या बाजूला लावला.

मी म्हटलं, "बाबा, तो दुकानदार म्हणत होता की मागे लावा."

"काय?"

"मागे. मागे लावायचे म्हणाला."

"मागे काय?"

"दुकानदार म्हणाला, रेडियल पुढे लावू नका."

बाबांनी कपाळाला आठी घातली आणि कान माझ्याकडे केला. "काय म्हणतेस? नीट बोल ना."

टेम्पोचा ड्रायव्हर आमच्याकडे बघत होता. पंक्चरवाला हातातला पाना धरून थांबला होता. रोज घरात प्रत्येक वाक्य तीन-तीनदा बोलून मला कंटाळा आला होता, आणि इथे भर रस्त्यात ओरडायची लाज वाटत होती. शिवाय पंधरा दिवसांत दुसरे दोन येणारच होते. मी म्हटलं, "काही नाही."

हे त्यांना बरोबर कळलं. मान हलवून ते पुन्हा चाकाकडे वळले.

ते पंधरा दिवस सरले तरी माल आला नाही. महिना गेला. मी दोनदा दुकानात विचारून आले. मग सहामाही परीक्षेचे पेपर काढायचं काम आलं आणि ते मागे पडलं.

त्या महिन्यात बाबा गाडीवर इतके खूश होते की बोलायची सोय नव्हती. स्टिअरिंग हलकं झालं होतं. वळणावर पुढची चाकं लगेच ऐकायची. खड्ड्यातून जाताना पूर्वी हातांना हिसका बसायचा, तो बसेना. "लोण्यातून चालल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. मी शेजारी बसलेली असले की माझ्या लक्षात यायचं, बाबा पूर्वीपेक्षा वेगाने चालवतात. रिमोल्डची घरघर मागून यायची, पण ती त्यांना ऐकूच येत नव्हती. आतापर्यंत त्यांना वेग कळत होता तो हाताला लागणाऱ्या कंपनांवरून, आणि ती मी आणलेल्या टायरांनी काढून घेतली होती. हे मला आज इतकं स्वच्छ मांडता येतं. तेव्हा नुसतं कसंनुसं वाटायचं.

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. बदलापूरला मावशीकडे जेवायला जायचं होतं. आई आदल्या दिवशीच तिकडे गेली होती, म्हणून गाडीत आम्ही दोघंच. सकाळी अकराची वेळ. मध्येच एक सर येऊन गेली आणि पुन्हा ऊन पडलं. रस्ता ओला होता. तेव्हा त्या रस्त्याला दोन्हीकडे शेतं आणि आंब्याची झाडं होती. खरवईच्या अलीकडे रस्ता थोडा उतरतो, एक मोरी लागायची आणि तिच्यावरच डावीकडे वळण होतं.

उताराला लागल्यावर मला वाटलं की आपण जोरात आहोत. मी म्हटलं, "बाबा, हळू." पुन्हा म्हटलं. मग ओरडले. वळण समोर आलं तेव्हा मी त्यांच्या दंडाला हात लावला. जरा जोरातच लावला असेल. ते दचकले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

पुढची चाकं वळली. मागचा भाग वळला नाही. तो सरळ उजवीकडे निघाला, जणू त्या गाडीचा तो भागच नव्हता. मला बाबांचे हात स्टिअरिंगवर भराभर फिरताना दिसले आणि समोरचं शेत खिडकीतून बाजूला सरकलं. समोरून सायकलवर एक माणूस येत होता, अगदी आपल्या कडेने. आमच्या मागच्या मडगार्डने त्याला उडवलं. गाडी उलटं तोंड करून मोरीच्या कठड्याला टेकून थांबली.

सायकलवाला चिखलात बसलेला होता. ओरडत नव्हता. आपल्या डाव्या गुडघ्याकडे बघत होता, कारण पाय भलत्याच दिशेला होता.

तो खरवईचाच होता, शेतकरी घरातला, बदलापूरच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करणारा. बाबांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. लोक जमले, टेम्पो थांबवला, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. टेम्पोत बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोलिसांचे जबाब झाले. उपचारांचा खर्च बाबांनी केला, त्यात त्यांनी कसूर केली नाही. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. उभ्याने काम करायचं होतं, म्हणून कंपनीने त्याला परत घेतलं नाही.

बाबा त्या दिवशी रात्री जेवले नाहीत. आईला म्हणाले, "ही ओरडत होती. मला ऐकू आलं नाही." एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडीवर ताडपत्री घातली, किल्ली आईकडे दिली, आणि आठवडाभरात स्वतःहून कानाचं मशीन घेऊन आले.

मी आईला सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला, मी काय केलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "आता बोलू नकोस. निदान गाडी तरी सुटली त्यांची. पुन्हा हातात घेतली तर?"

मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं. तेव्हापासून आम्ही दोघी गप्प राहिलो, आणि बाबा महिन्यातून एकदा एसटीने खरवईला जायला लागले. कधी फळं, कधी पोरांना वह्या घेऊन जायचे. त्या माणसाने घरापुढे किराणाची टपरी टाकली तेव्हा बाबांनी पत्रा ठोकायला मदत केली. कुणी नवी गाडी घेतली, कुणाचे वडील म्हातारे झाले, असा कुठलाही विषय निघाला की बाबा म्हणायचे, "बहिऱ्या माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये. मी एकाचा पाय घालवला." पाहुण्यांसमोर, लग्नात, कुठेही. दरवेळी त्याच शब्दांत. मी उठून पाणी आणायला जायचे.

सहा वर्षं गेली. बाबा रिटायर झाले होते. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ मुंबईहून गाडी बघायला आला. ताडपत्री काढली, तो वाकून गाडीभोवती फिरला, चाकांजवळ उकिडवा बसला. मग उठून हात झटकत म्हणाला, "हे असे टायर कुणी लावले? पुढे रेडियल, मागे रिमोल्ड? ओल्या रस्त्यावर गिरकीच घेईल ही. नशीब, कुणाचा जीव गेला नाही."

बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. मशीन असूनही नवख्या माणसाचं बोलणं त्यांना कळायचं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत ते?"

दारात आई उभी होती. तिने मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून.

मी बाबांच्या डाव्या कानाशी गेले, तो जरा बरा होता, आणि गृहस्थ जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर दुकानदाराने जे सांगितलं होतं तेही सांगितलं. गृहस्थ संकोचून बाजूला झाला.

बाबा गाडीच्या पायरीवर बसले. त्यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. "तू मला सांगायला आली होतीस," ते म्हणाले. "नाक्यावर. आठवतंय मला."

"हो. तुम्हाला ऐकू येईना. मी सोडून दिलं."

"ते कळलं. नंतर?"

मी ताडपत्रीची घडी घालायला लागले.

"सहा वर्षं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हिलाही माहीत होतं?"

आई आत निघून गेली.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, चल. कुठे ते सांगावं लागलं नाही. खरवईला मी त्या सहा वर्षांत एकदाही गेले नव्हते. तो माणूस टपरीत पाय लांब करून बसला होता, बायको बाजूला भाजी निवडत होती. बाबांना बघून दोघं हसली. बाबांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "हिला काही सांगायचंय." आणि स्वतः जरा दूर जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. माझ्याच्याने नीट सांगवलं नाही. टायर, दुकानदार, मी दंडाला हात लावला ते, सगळं उलटसुलट.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मना काय त्याचा? टायर असंल नायतं कान असंल. पाय माजाच ना." त्यात राग नव्हता. त्याने एका गिऱ्हाईकाला बिडीचा बंडल दिला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "बस. च्या घे."

पण त्याची बायको उभी राहिली होती. तिने भाजी बाजूला ठेवली. "ह्ये सा वर्सां येतान," ती बाबांकडे हात करून म्हणाली. "तितं दाराशी बसतान, मान खाली घालून. च्या बी पूर्न पीत नाय. मी ह्याला सांगाची, किती जीव जलतंय त्या मानसाचा. आनि तू त्येंची पोर. तुला सगलं म्हाईत व्हतं?"

मी चहा घेतला नाही. घेऊ शकले नाही.

परत येताना एसटीत बाबा खिडकीशी बसले. वळण गेलं, मोरी गेली. मी म्हटलं, "माझं चुकलं." ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी बाहेरच बघितलं.

गाडी त्या गृहस्थाने नेली. टायर बदलून मगच रस्त्यावर काढा, असं बाबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पाहुण्यांपुढे ते स्वतःला बोल लावायचं बंद झालं. पण हलकं झालंय असंही काही त्यांच्याकडे बघून वाटायचं नाही. मला वाटलं होतं, सत्य कळल्यावर एक ओझं उतरेल. ते फक्त माझं थोडं उतरलं. त्यांच्या सहा वर्षांचं काय करायचं, हे आम्हा तिघांनाही कळत नव्हतं. खरवईला ते जात राहिले, पूर्वीसारखेच. मी दोनदा सोबत यायचं म्हटलं. म्हणाले, "कशाला? माझं मी जातो."

माझ्याशी त्यांनी अबोला धरला नाही. जेवताना बोलायचे, माझ्या वर्गातल्या मुलांची चौकशी करायचे, मी आजारी पडले तेव्हा उशाशी बसले. बाहेरच्या माणसाला काही वेगळं दिसलं नसतं. पण पुढे त्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं आणि मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर गोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. बाबांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांच्या शेजारीच, डाव्या कानाच्या बाजूला बसले होते. बाबा खुर्चीत मागे वळले, दाराशी उभ्या असलेल्या नर्सला त्यांनी जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय म्हणाले हो डॉक्टर?"